पुठ्ठा कुजल्याशिवाय हळदीला खत घालू नका

तासगाव-मिरजेकडं द्राक्षाचा हंगाम सरला की घरोघरी रिकाम्या खोक्यांची थप्पी उरते. घरच्या ओल्या कचऱ्याबरोबर ती कुजवली तर खत चांगलंच होतं. घात होतो तो घाईनं. वळीव पडला की मृगाआधी खड्डा मोकळा करायची गडबड, आणि कच्चा पुठ्ठा थेट हळदीच्या सरीत. मग उगवण होते न होते तोच पानं पिवळी. असं रोप उपटून बघा, मुळाशी पुठ्ठ्याची ओली चिंधी सापडते, आतल्या नळ्या अजून शाबूत.

पुठ्ठ्यात कर्ब भरपूर, नत्र नावालाच. तो जमिनीत कुजायला लागला की जिवाणू पिकाच्या वाट्याचं नत्र खातात. दुकानदार मात्र सूक्ष्म अन्नद्रव्याचा डबा हातात ठेवतो. तो घेऊ नका.

खड्डा भरताना:
- चिकटपट्टी, पिना, ग्रेप गार्डचा पॅड (द्राक्ष टिकावी म्हणून खोक्यात ठेवतात तो) काढा.
- चकचकीत पुठ्ठा, थर्माकोल, औषधांचे खोके नकोत.
- पुठ्ठा रात्रभर शेणकाल्यात भिजवून तळहाताएवढा फाडा.
- तीन पाट्या ओला कचरा, एक पाटी पुठ्ठा.
- पंधरवड्यानं पलटी.

‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशव्याही बाजूला काढा. त्यांना कारखान्यातल्या ढिगाची उष्णता लागते, घरच्या खड्ड्यात त्या तशाच राहतात.

उसाच्या पाचटाला टनामागं 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कंपोस्ट जिवाणू अशी शिफारस आहे. मोठ्या ढिगात पुठ्ठ्यालाही मी तोच हिशोब धरतो, हा माझा अंदाज. घरच्या खड्ड्याला शेण पुरतं, जिवाणूंची महागडी बाटली कशाला?

खत झालं का, हे तारखेवर ठरवू नका. साधारण चार महिने लागतात, पण हात घातला तर ऊब लागता कामा नये, वास मातीचा यावा, नळीदार तुकडा दिसू नये. शंका असेल तर कुंडीत त्यावर मेथी पेरा. पिवळी उगवली तर खत कच्चं.

आणखी एक, पलटी मारताना वाकडी पांढरी अळी दिसली तर वेचून मारा. कच्च्या खतातून हुमणी रानात जाते आणि पुढं उसालाही सोडत नाही.

यंदाचा खड्डा तयार नसेल तर लागणीला ते खत विसरा, भरणीला, म्हणजे पुढं माती चढवताना, वापरा. आज मात्र त्यावर ताडपत्री टाका आणि कडेनं चर काढा. वळवाचं पाणी आत साचलं की कुजणं थांबून नुसतं सडतं.