जुन्या स्पोर्ट्स कारची उंची बदलताय? या चुका टाळा

गाडी एका बाजूला झुकली किंवा मागून बसली की बहुतेक जण लगेच नव्या स्प्रिंगांची ऑर्डर देतात. ती मुळात का बसली, हे आधी शोधा. 1962 ते 1980 पर्यंत बनलेली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या. तिला पुढे कॉइल स्प्रिंग (गुंडाळीची) आणि मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आहेत. गोव्याच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पाट्यांमध्ये गंज शिरतो, शॅकलचे (पाट्याचे मागचे टोक धरणाऱ्या हलत्या कडीचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, झिजतात, आणि कधी कधी पाटा जिथे चॅसीला बसतो तो पत्राच कुजलेला असतो. पत्रा कुजलेला असेल तर नवे पाटे बसवून काहीच साधणार नाही. आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

उंची मोजण्यातही घोळ होतो. अंगणातल्या चिऱ्यांवर किंवा उतारावर मोजलेले माप कामाचे नाही. सपाट लादीवर गाडी उभी करा, टायरची हवा सारखी करा आणि जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरचा फरक मध्ये येत नाही. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. थोडी पुढे-मागे ढकलून, दाबून तिला बसू द्या.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक दिसायला मात्र किरकोळ आहे. चाके लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले जातात. पाट्याच्या पुढच्या टोकाचा रबरी बुश वळण घेऊन काम करतो. लोंबकळत्या स्थितीत आवळला, तर गाडी खाली आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो. गाडी उंच दिसते, सस्पेन्शन कडक वाटते आणि काही दिवसांत रबर फाटून उंची पुन्हा बदलते. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, हलवा, मगच आवळा. तिच्याखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. पावसाळ्यात मऊ झालेल्या तांबड्या मातीत स्टँड खचतो, त्याखाली जाड फळी हवीच.

गाडी खाली आणायला स्प्रिंग कापणे मला अजिबात पटत नाही. पुढची स्प्रिंग चाकापेक्षा आतल्या बाजूला बसते, त्यामुळे ती जितकी आखूड होईल त्याच्या जवळपास दुपटीने गाडी खाली येते. बंप स्टॉपपर्यंतची (सस्पेन्शन वर जाताना अडवणाऱ्या रबरापर्यंतची) जागा संपते आणि प्रत्येक गतिरोधकावर धक्का थेट बॉडीला बसतो. आणखी एक: रबर बंपरच्या एमजीबी 1974 च्या अखेरीपासून कारखान्यातूनच सुमारे इंचभर उंच आल्या. त्याआधीच्या क्रोम बंपरच्या गाडीचे सुटे भाग त्यांना तसेच चालतील असे धरू नका.

टायर घासतोय का, हे उभ्या गाडीवर, चाके सरळ ठेवून कळत नाही. 165 ऐवजी 195 चा टायर घातला की रुंदी 30 मिमी वाढते, म्हणजे ऑफसेट (चाक आत-बाहेर किती बसते ते माप) तोच असेल तर दोन्ही अंगांना साधारण 15 मिमी. तारांच्या चाकांचा आणि साध्या चाकांचा मागचा एक्सलही वेगळ्या रुंदीचा असतो, त्यामुळे मित्राच्या गाडीत बसलेला टायर तुमच्या गाडीत बसेलच असे नाही. चतुर्थीसाठी आणलेल्या चिकणमातीचे छोटे गोळे मडगार्डच्या आत, कडेला आणि आतल्या भिंतीला चिकटवा. दोन माणसे बसवून हळू चालवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, खड्ड्यातून न्या. कुठला गोळा दबला ते पाहा. डावी आणि उजवी फट वेगवेगळी मोजा, कारण मागचा एक्सल दर वेळी अगदी मधोमध असतोच असे नाही. फट कमी पडली म्हणून कड हातोड्याने दुमडू नका, आतला रंग फुटतो आणि पहिल्याच पावसात तिथे गंज धरतो.

उंची ठरवताना तुमचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवा. चोडण-रायबंदरच्या फेरीबोटीवर गाडी नेणार असाल, तर भरती-ओहोटीबरोबर रॅम्पचा कोन बदलतो. एका वेळी सहज गेलेला सायलेन्सर दुसऱ्या वेळी घासू शकतो.

काम झाल्यावर अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत आणि ब्रेकचे रबरी होज तपासा. होज पूर्ण लोंबकळल्यावर ताणला जाता कामा नये. चोर्ला घाटात जाण्याआधी जवळच एक फेरी मारून या आणि मागच्या पाट्यांचे यू बोल्ट (पाटे एक्सलला धरून ठेवणारे) पुन्हा आवळून घ्या.