उभ्या गाडीचा इन्शुरन्स कमी करायचाय? रिन्यूअलच्या आधी हे बघून ठेवा

रिन्यूअलचा मेसेज आला की घरोघरी तीच चर्चा. गाडी तर सोसायटीत उभीच असते, महिन्यातून दोनदा मंडई नाहीतर डॉक्टर, मग एवढे पैसे कशाला भरायचे? वर्क फ्रॉम होमवाले, मुलं अमेरिकेत आणि आईबाबा कोथरूडला असे, मेट्रोने जायला लागलेले, सगळ्यांचं हेच म्हणणं. पैसे वाचतात, नाही असं नाही, पण शेवटच्या रात्री घाईघाईत ॲपवर कव्हरपुढच्या खुणा काढून टाकत बसलात तर नको तिथे कात्री लागते, म्हणून महिनाभर आधी सुरुवात करा.

आधी चालू पॉलिसीची पीडीएफ शोधा आणि प्रीमियमची फोड कुठे छापलीय ते बघा. दोन मोठे भाग दिसतील, थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान आणि ओन डॅमेज म्हणजे ओडी, आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, आणि वर १८ टक्के जीएसटी. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, त्यात एजंट कितीही ओळखीचा असला तरी रुपया कमी होत नाही. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले त्यात प्रायव्हेट कारला हजार सीसीपर्यंत २०९४, हजार ते दीड हजार सीसी ३४१६ आणि त्याच्या वर ७८९७ रुपये होते, तुमच्या कोटेशनमध्ये जो आकडा असेल तो धरून चाला. म्हणजे जी काय काटछाट करायची ती फक्त ओडीत. आता समजा तुमची बाराशे सीसीची जुनी गाडी आहे आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) वजा जाऊन ओडी ३००० येतोय, त्यात पाव भाग सूट मिळाली तरी ७५० आणि त्यावरचा जीएसटी १३५, एकूण ८८५ वाचले. एवढ्यासाठी किती खटाटोप करायचा ते आधीच ठरवा. मोठी एसयूव्ही, तीन-चार वर्षांची, तिथे मात्र बसून हिशोब करण्यात अर्थ आहे.

मग गाडी नक्की उभी कुठे असते ते बघा. थर्ड पार्टी "पॉज" करता येतो का हा प्रश्न सगळे विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ सांगतं की सार्वजनिक जागी गाडी वापरायची तर थर्ड पार्टी विमा पाहिजेच, आणि गल्लीत रस्त्याच्या कडेला लावलेली गाडी "मी चालवतच नाही हो" म्हणून सुटेल या भरवशावर राहू नका. विमा नसताना पकडलं तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी दंड ४०००. आणि दंडाचं सोडा हो, पुतण्याने "काकू जरा स्टेशनपर्यंत नेतो" म्हणून नेली आणि कोणाला धडक बसली तर भरपाई गाडीमालकाच्या गळ्यात, तिला वरची मर्यादाच नाही. त्यामुळे थर्ड पार्टीला हात लावायचा नाही, बंद गॅरेजवाल्यांचा एक अपवाद पुढे येतो तेवढा सोडला तर हा विषय इथेच संपला. चालू पॉलिसी मधेच रद्द करायची म्हटलं तरी कंपनी आधी दुसरी पॉलिसी दाखवा म्हणते.

खरी गडबड इथून पुढे होते. लोक म्हणतात चालवतच नाही तर ओडी काढून टाकू, नुसता थर्ड पार्टी ठेवू. २०१८ च्या सप्टेंबरनंतर नवी गाडी घेतलेल्यांचा तर तीन वर्षांचा थर्ड पार्टी सुरुवातीलाच भरलेला असतो, त्यामुळे ओडी नाही भरला तरी कायद्याने काही बिघडत नाही आणि मोह होतोच. पण उभी गाडी धडकत नाही, बुडते मात्र. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढवल्या, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, चिपळूणचं २२ जुलै २०२१ तर विसरायलाच नको. या सगळ्या गाड्या उभ्याच होत्या ना! नुसत्या थर्ड पार्टीवर त्यांना एक पैसा मिळत नाही. चोरी, आग, वादळात अंगावर पडलेलं झाड, सगळं ओडीतच येतं. त्यामुळे पार्किंग तळघरात आहे का, जवळ ओढा-नाला आहे का, डोक्यावर गुलमोहर आहे का हे खरंच खाली जाऊन बघून या. माझं सरळ मत, गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, अजून दोन-तीन लाख असेल तर ओडी काढू नका, त्याचा आकार कमी करा. पंधरा वर्षांची मारुती असेल आणि गेली तर गेली म्हणायची तयारी असेल तर काढा, मी काही बोलणार नाही.

आकार कमी करायचा सोपा रस्ता म्हणजे पे ॲज यू ड्राइव्ह. जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, याला ॲड-ऑन (मूळ पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर) म्हणून परवानगी दिली, त्यात वर्षाला किती किलोमीटर चालवणार ते आधी सांगायचं, २५००, ५००० असे स्लॅब असतात, आणि तेवढी सूट ओडीवर मिळते. स्लॅब घेण्याआधी मागच्या दोन सर्व्हिसिंगची बिलं काढा, त्यावर किलोमीटर लिहिलेले असतात, त्यावरून वर्षाचं रनिंग काढा आणि त्यात दिवाळीला गावी जाणं-येणं, एखादं लग्न, गणपतीत कोकण हे धरायला विसरू नका. पुणे-सावंतवाडी एकदा जाऊन आलात की स्लॅबमधले सात-आठशे गेले. कंपनीला तीन गोष्टी ईमेलवर विचारा, फोनवर नको: स्लॅब संपला तर टॉप-अप मिळतो का, टॉप-अप न घेता अपघात झाला तर क्लेमचं काय, आणि उरलेले किलोमीटर पुढच्या वर्षी धरतात का. प्रत्येक कंपनीची अट वेगळी असते, शेजारच्यांनी सांगितलं त्यावर जाऊ नका.

यासाठी ओडोमीटरचा फोटो लागतो आणि इथेच उभ्या गाडीवाले अडकतात, कारण बॅटरी बसलेली, मीटर डिजिटल, किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवर अंधार, मग आकडा दिसणार कसा! म्हणून चार दिवस आधी बॅटरी चार्ज करा नाहीतर जंप स्टार्ट करून घ्या, कव्हर काढून गाडी धुवा, बॉनेट उघडून चेसिस नंबरवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. पॉलिसी संपून गेली असेल तर इन्स्पेक्शन आलंच, चारी बाजूंनी व्हिडिओ, काच, चेसिस नंबर सगळं लागतं, आणि ते पास होईपर्यंत ओडी कव्हर नाही. धुळीत झाकलेला ओरखडा त्या व्हिडिओत निघाला की जुनं डॅमेज म्हणून नोंद होते ती वेगळीच.

गाडी खरोखर काही महिने हलणारच नसेल, म्हणजे आईबाबा सहा महिने मुलीकडे न्यू जर्सीला चाललेत आणि गाडी बंद गॅरेजमध्ये, तर जुन्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये एक सोय आहे जी बऱ्याच एजंटना माहीतच नसते. आयएमटी ११ए नावाची एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची अट, गाडी सलग दोन महिने तरी गॅरेजमध्ये न वापरता ठेवली तर तेवढ्या काळापुरती बाकीची जबाबदारी थांबते, आग, चोरी, पूर, भूकंप असलं कव्हर राहतं, आणि मोबदला पुढच्या प्रीमियममधून वजा होतो किंवा पॉलिसीची मुदत वाढते. कंपनी देते का ते लेखी विचारा, आणि देत असेल तर त्या काळात गाडी गेटबाहेर काढायची नाही, थर्ड पार्टीसुद्धा थांबलेला असतो. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवणार असाल तर त्यांना हे नीट समजावून सांगा, नाहीतर ते बिचारे प्रेमाने एक चक्कर मारून आणतील.

नो क्लेम बोनसची टक्केवारी वेगळी लिहून ठेवा. पहिल्या वर्षी २०, मग २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो आणि ओडी संपून ९० दिवस उलटले की शून्य. तीन महिन्यांनी परत सुरू करू म्हणणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं, एक प्रीमियम वाचवायला पाच वर्षांची कमाई घालवायची. गाडी विकणार असाल तर मात्र बोनसचं सर्टिफिकेट मागून घ्या, तो गाडीचा नसून तुमचा असतो आणि तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला लावता येतो.

बारीकसारीक पण आहे. घरात दोन गाड्या एकाच नावावर असतील तर १५ लाखांचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर दोनदा भरायची गरज नाही. व्हॉलंटरी डिडक्टिबल घेतलं तर ओडी थोडा उतरतो, क्लेममध्ये तेवढे पैसे आपल्या खिशातून जाणार हे मान्य असेल तर घ्या. ॲड-ऑनमध्ये जुन्या गाडीचं रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत देणारं) वगैरे काढून टाका, पण रोडसाइड असिस्टन्स ठेवा, बॅटरी बसलेल्या गाडीला त्याचाच उपयोग. इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिन बिघडलं तर लागणारं कव्हर, पार्किंगकडे बघून ठरवा, आणि पाण्यात उभी असलेली गाडी चालू होते का बघायला स्टार्टर मारू नका, त्या एका चुकीने इंजिनचा क्लेम अडकतो.

पैसे भरले की नवी पीडीएफ लगेच उघडा. चेसिस नंबर, बोनसची टक्केवारी, किलोमीटरचा स्लॅब, सुरुवातीचा ओडोमीटर आकडा आणि पॉलिसी किती वाजता सुरू होते ते बघा, काही चुकलं असेल तर त्याच दिवशी मेल टाका. मीटरचा तारखेसकट काढलेला फोटो त्याच मेलला जोडून टाका.