तंबोरा सुरात लावताना

गाणे शिकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी आज तंबोरा असतोच असे नाही. मोबाइलवरचा किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोरा सुरू केला की रियाजाची सोय होते, आणि प्रवासात, लहान घरात किंवा पहाटे शेजाऱ्यांची झोप सांभाळून गाताना ही सोय खरोखरच मोलाची आहे. तरीही ज्यांच्या घरी आजीचा, आत्याचा किंवा हौसेने मिरजेहून आणलेला तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा आहे, त्यांनी तो स्वतः जुळवायला शिकावे, असे मला मनापासून वाटते. आयता सूर ऐकून कान तयार होतो, पण उतरलेली तार आपल्या हाताने जागेवर आणताना तो जितका तयार होतो, तितका दुसऱ्या कशानेही होत नाही. सुरुवातीला या कामाला अर्धा तास लागेल. तो रियाजातच धरावा.

आधी वाद्याची ओळख करून घेऊ. खाली भोपळा, त्यावर लाकडाची तबली, तबलीच्या मध्यावर घोडी, वर पोकळ दांडी आणि दांडीच्या टोकाला चार खुंट्या, अशी तंबोऱ्याची रचना असते. तारा तळाच्या पट्टीत अडकवलेल्या असतात, तिथून त्या घोडीवरून दांडीभर वर जातात आणि खुंट्यांना गुंडाळल्या जातात. तळाची पट्टी आणि घोडी यांच्यामध्ये प्रत्येक तारेत एक मणी ओवलेला असतो आणि घोडीच्या पाठीवर प्रत्येक तारेखाली सुती किंवा रेशमी दोऱ्याचा लहान तुकडा असतो. खुंटी ढोबळ सुरासाठी, मणी बारीक सुरासाठी आणि दोरा जवारीसाठी म्हणजे तारेच्या झणकारासाठी, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे सोपे जाते. चार तारांपैकी पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे मध्य षड्जाच्या (‘सा’च्या) आणि शेवटची, जाड पितळी, खर्जाची म्हणजे मंद्र षड्जाची.

आता आपला सूर ठरवावा. पुरुषांचा आवाज बहुधा पेटीच्या काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास बसतो आणि स्त्रियांचा पांढरी पाच, काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास; पण हा केवळ अंदाज आहे, आपली पट्टी, म्हणजे आपला ‘सा’ कुठे धरायचा ते, गुरूंकडूनच ठरवून घ्यावी. वाद्यही त्या पट्टीला साजेसे हवे. मर्दानी तंबोरा मोठा आणि लांब असतो, जनानी त्याहून लहान, आणि दोहोंच्या तारांची जाडी वेगळी असते. मर्दानी तंबोऱ्याच्या तारा काळी चारपर्यंत ताणण्याचा हट्ट धरला तर तारा तुटतात, शिवाय घोडीवर आणि तबलीवर नको तितका ताण येतो. पेटीवरून षड्ज घेण्यास हरकत नाही, मात्र पेटीवरून घ्यायचा तो एवढा एकच सूर. पेटीचे स्वर समान अंतरांत वाटलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. षड्ज घेऊन झाला की पेटी मिटावी आणि बाकीचे काम कानावर सोपवावे.

पंखा बंद करून, खोली शांत असताना बसावे. भोपळा मांडीवर किंवा मांडीलगत जमिनीवर टेकवून तंबोरा उभा धरावा, म्हणजे दांडी कानाशी येते आणि उजव्या हाताने छेडताना डावा हात खुंट्यांपर्यंत पोहोचतो. चारही मणी त्यांच्या वाटेच्या मध्यावर आणून ठेवावेत, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना सरकवायला जागा उरते. दोरे घोडीवरून बाजूला काढावेत. जवारी लागलेली असताना आवाजात इतके उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर, मिसळतात की नवख्या कानाला मूळ सूर चढा आहे की उतरता, हे कळेनासे होते. दोरा काढलेली तार बोदी वाजते, पण तिचा सूर स्पष्ट ऐकू येतो.

पहिल्यांदा जोडाची एक तार घ्यावी. ती हव्या असलेल्या सुरापेक्षा थोडी उतरवून घ्यावी आणि मग खालून वर चढवत आणावी. चढ्या सुरावरून खाली आणलेली तार दांडीच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे असलेल्या आडव्या पट्टीच्या खाचेत अडकून राहते आणि गाणे सुरू झाल्यावर हळूच सुटून उतरते. खालून चढवलेली तार जागेवर टिकते. खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवावी, कारण ती निमुळती असते आणि नुसती पिळली तर सैल पडते. सूर लागला असे वाटले की तारेला मधोमध बोटाने हलकेच एकदोनदा ताण द्यावा, ती थोडी उतरेल, तेवढी पुन्हा चढवावी.

दुसरी जोडाची तार पहिलीशी मिळवायची असते, आणि कानाची खरी तालीम होते ती इथे. दोन तारा एकापाठोपाठ छेडून त्यांचे आवाज एकमेकांत मिसळू द्यावेत. सूर जवळ आलेले असले तरी एक झालेले नसले, की आवाजात लाटा उठतात, ‘वंऽवंऽवं’ असा नाद वरखाली होत राहतो. काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्यात जोडाची तार सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावते. दुसरी तार १४१ वर असेल तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. खुंटी योग्य दिशेने फिरत असेल तर लाटा संथ होत जातात, दोन सेकंदांना एक, चार सेकंदांना एक, आणि शेवटी नाद सपाट, अखंड होतो. लाटा वेगाने वाढू लागल्या तर दिशा चुकली. हे एकदा कानाला उमगले की यंत्राच्या काट्याकडे बघण्याची गरज उरत नाही, आणि काटा दाखवणार नाही इतका बारीक फरकही कान सांगू लागतो.

खर्ज जोडाच्या बरोबर खालच्या सप्तकातला, म्हणजे वरच्या उदाहरणात सुमारे ६९ कंपनांचा. इतका खाली असलेला सूर थेट ओळखणे अवघड जाते, म्हणून खर्ज छेडून त्याचा गुंजारव थोडा ओसरू द्यावा आणि मग जोड छेडावा. खर्जाच्या पोटात जोडाचा षड्ज असतोच. तो आणि जोड यांच्यात लाटा उठत नाहीत ना, एवढेच ऐकावे. पंचमाची तार जोडाच्या खाली, मंद्र पंचमावर, म्हणजे सुमारे १०४ कंपनांवर येते. षड्ज आणि पंचम यांचे नाते ३:२ चे आहे, आणि ते अचूक जमले की दोन्ही सूर एकमेकांना टेकून उभे राहिल्यासारखे स्थिर वाटतात. आधी ‘प’ स्वतः गाऊन बघावा आणि गळ्यातल्या पंचमाशी तार मिळवावी. गळा आणि तार यांचा असा आळीपाळीने पडताळा घेण्याची सवय पुढे गायनात फार उपयोगी पडते.

खुंटीने नव्वद टक्के काम झाले की मण्यांकडे वळावे. मणी तळाच्या पट्टीकडे, म्हणजे घोडीपासून दूर सरकवला की तो तार आणि तबली यांच्यात अधिक घट्ट बसतो, तार ताणली जाते आणि सूर चढतो; घोडीकडे सरकवला की उतरतो. मणी केसभर सरकला तरी फरक पडतो, म्हणून तो दोन बोटांत धरून दाबत सरकवावा, झटका देऊ नये.

आता जवारी. घोडीची पाठ सपाट नसते, तिला अगदी मंद उतार दिलेला असतो. तार त्या उताराला एका बिंदूवर न टेकता लांबवर हलका स्पर्श करत कंप पावते आणि त्या स्पर्शातून तंबोऱ्याचा तो झणकारणारा, भरलेला आवाज निघतो. तारेने घोडीला नेमका किती स्पर्श करावा, हे दोरा ठरवतो. तारेखाली दोरा घालून त्याची दोन्ही टोके बोटांत धरावीत आणि तार सारखी छेडत दोरा उतारावरून अगदी सावकाश सरकवावा. आधी आवाज बंद असतो, लाकडावर टिचकी मारल्यासारखा. मग त्यात बारीकशी खरखर शिरते आणि पुढच्या क्षणी, दोरा जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकलेला असताना, आवाज उघडतो: तार एकदा छेडली की सूर लांबतो, आणि लांबताना त्याच्या आत एकामागून एक वरचे स्वर उलगडत जातात. तिथे थांबावे. आणखी पुढे गेले तर आवाज पुन्हा मिटतो किंवा नुसता पत्र्यासारखा झणझणतो. प्रत्येक तारेची जागा वेगळी असते, म्हणून एका तारेवरून दुसरीची जागा ठरवू नये. दोरा लागल्यावर सूर किंचित हलतो. मण्याने तो पुन्हा जागेवर आणावा. एवढ्यासाठीच मण्यांचे काम दोनदा करावे लागते, आणि त्याला पर्याय नाही.

तंबोरा जुळला की नाही, याची परीक्षा गंधाराने करावी. नुसता खर्ज छेडून तो विरत जाताना ऐकावा. आवाज ओसरू लागला की त्याच्यातून वरचा पंचम आणि त्यानंतर गंधार उमटतो. तारांपैकी एकही गंधारावर लावलेली नसताना तो ऐकू येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो उपस्वर आहे. तसाच पंचमाच्या तारेतून रिषभ आणि निषाद निघतात. पहिल्या दिवशी हा गंधार ऐकू येईलच असे नाही. मला तो एका दुपारी, खिडक्या लावलेल्या खोलीत, दांडीला कान टेकवून बसले असताना पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला, आणि इतके दिवस शुद्ध गंधार आपण थोडा चढा लावत होतो, हेही त्याच दिवशी कळले. जो गंधार गळ्यातून काढायचा तो वाद्यात आधीच असतो. जुळवणे नीट झाले तर तो सापडतो, वरवर झाले तर हरवतो.

छेडण्याची पद्धतही जुळवण्याइतकीच महत्त्वाची आहे. पंचमाची तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने, बोटाच्या मऊ भागाने, तारेच्या साधारण मध्याजवळ छेडाव्यात. नख लावू नये आणि तार ओढून सोडू नये. बोट तारेवरून सरकून जावे. चारही तारांचा जोर सारखा ठेवावा, खर्जानंतर अगदी किंचित थांबून पुन्हा पंचमाकडे यावे, आणि हा क्रम गाण्याच्या तालाशी बांधू नये. सोबत तबला द्रुत झाला तरी तंबोऱ्याची चाल तीच राहिली पाहिजे.

राग बदलला की पहिली तार बदलते. मालकंस किंवा ललत गाताना पंचम वर्ज्य असतो, म्हणून पहिली तार मध्यमावर उतरवतात. मारवा आणि पूरिया यांत ती बहुधा निषादावर लावतात. मध्यमावर उतरवणे सोपे आहे. पंचमावरून निषादावर चढवताना मात्र तारेवरचा ताण सुमारे दीडपट होतो, त्यामुळे जुनी किंवा जाड तार असेल तर ती तुटण्याचा धोका असतो. हे राग नेहमी गात असाल तर पहिल्या जागी थोडी पातळ तार लावून घ्यावी.

हवामानाची दखल घेतल्याशिवाय तंबोरा सांभाळता येत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि खुंट्या घट्ट बसतात, उन्हाळ्यात ते आक्रसते आणि खुंट्या निसटतात. एका जुलैत घट्ट बसलेली पंचमाची खुंटी मी जोर लावून पिळली. ती एकदम फिरली, तार तुटून हाताच्या पाठीवर आली आणि बारीक चीर पडली. तेव्हापासून घट्ट खुंटी मी दोन बोटांनी मागेपुढे हलवत सोडवते, डोळे तारेच्या रेषेपासून बाजूला ठेवते, आणि पक्कड तर कधीच लावत नाही. निसटणाऱ्या खुंटीला उपाय सोपा आहे: तार सैल करून खुंटी बाहेर काढावी, तिच्यावर साधा पांढरा खडू घासावा आणि दाबून परत बसवावी. तेल मात्र लावू नये.

काही गोष्टी कारागिरावरच सोडाव्यात. सततच्या वादनाने तारा घोडीत बारीक खाचा पाडतात आणि मग दोरा कुठेही ठेवला तरी आवाज उघडत नाही. अशा वेळी घोडी घासून जवारी नव्याने काढावी लागते. कानस हातात घेऊन हा प्रयोग घरी करू नये. एक घास जास्त पडला तर घोडी वाया जाते. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून शिकलगार कुटुंबे हे काम पिढ्यानपिढ्या करत आली आहेत. मूळचा त्यांचा व्यवसाय शस्त्रांना धार लावण्याचा. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागीर थोडेसे घासतो, तार चढवतो, छेडून ऐकतो, पुन्हा उतरवतो, आणि हे असे कितीतरी वेळा चालते. वाद्य त्याच्याकडे नेताना आपली पट्टी सांगावी आणि शक्य असेल तर समोर बसून गाऊन दाखवावे, कारण जवारी त्या पट्टीच्या ताणावर काढली जाते. पट्टी बदलली की तीच जवारी फिकी वाटते.

तारा काळ्या पडल्या किंवा गंजल्या की एक-एक न बदलता चारही बदलाव्यात, पण सगळ्या एकदम काढू नयेत. एक काढून तिच्या जागी नवी चढवावी, मग पुढची घ्यावी, म्हणजे घोडी जागची हलत नाही. नव्या तारा पहिले तीन-चार दिवस उतरत राहतात. रियाज झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तारा आणि दांडी पुसून घ्यावी, दोरे जागेवर राहू द्यावेत, लांबच्या प्रवासाला नेताना तारा दोन-तीन स्वर उतरवाव्यात, आणि गवसणी घालून तंबोरा भिंतीच्या अशा कोपऱ्यात ठेवावा जिथे ऊन येत नाही आणि जाता-येता कोणाचा धक्का भोपळ्याला लागत नाही.