खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोळंबी आणि शंखखेकडे सांभाळताना

कोळंबी, शंखखेकडे (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे), समुद्री गोगलगायी असे अपृष्ठवंशी जीव घरात पाळायचे ठरवले, तर मासे पाळण्याचा अनुभव अर्धाच उपयोगी पडतो. मासा आपल्या अंगातील क्षारांचे प्रमाण स्वतः राखतो. या जीवांपैकी बहुतेकांना ते फारसे जमत नाही आणि भोवतीच्या पाण्याचा खारटपणा बदलला की त्याचा थेट परिणाम त्यांच्या शरीरावर होतो. म्हणून येथे आधी पाणी सांभाळायला शिकावे आणि मग जीव आणावेत. पुण्यातील माझ्या घरी शंभर लिटरची टाकी आहे आणि पुढे जे लिहिले आहे ते तिच्याच आधाराने लिहिले आहे.

नळाचे पाणी वापरू नये. आरओ (सूक्ष्म पडद्याची) आणि त्यापुढे डीआय (उरलेसुरले क्षार काढणारी) अशा गाळण्यांतून काढलेले पाणी घेऊन त्यात मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी मीठ विरघळवावे. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे आवश्यक क्षार पुरेसे नसतात. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने शंभर लिटरना साडेतीन किलो मीठ लागते. ते वेगळ्या बादलीत, छोटा पंप लावून, चोवीस तास फिरू द्यावे आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारटपणा मोजणाऱ्या उपकरणावर) घनता १.०२५ च्या आसपास आल्यावरच टाकीत ओतावे. यानंतरची एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: टाकीतून उडून जाते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. शंभरातील दहा लिटर पाणी उडाले, तर लिटरमागे ३५ ग्रॅमचे प्रमाण ३९ ग्रॅमच्या जवळ पोहोचते. ही घट रोजच्या रोज गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरून काढावी. खारे पाणी घालायचे ते फक्त आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना.

टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे तीत कोणताही जीव सोडू नये. बाजारातून आणलेल्या कोळंबीचा एक लहान तुकडा तळाशी टाकून ठेवावा. तो कुजला की अमोनिया तयार होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. चाचणी संचावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागेपर्यंत थांबावे. या काळात काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर चढतो, त्याने घाबरून टाकी रिकामी करू नये. तो बहुधा आपोआप ओसरतो.

तांब्यापासून मात्र कमालीचे सावध राहावे. कोळंबी आणि खेकड्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्यात तांबे असते, तरीही पाण्यात विरघळलेले तांबे त्यांना अगदी थोड्या मात्रेतही मारक ठरते. आपल्याकडे तांब्याच्या कळशीतील पाणी आरोग्याला चांगले मानतात, म्हणून हे आवर्जून सांगावेसे वाटते: टाकीचे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात क्षणभरही ठेवू नये. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांत तांबे असते आणि ते दगडांत मुरून नंतर हळूहळू बाहेर पडत राहते, त्यामुळे अशी औषधे पडलेली जुनी टाकी या जीवांसाठी घेऊ नये.

जीव परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावेत. मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरून काही उचलून आणणे अयोग्यच आहे, आणि प्रवाळ व समुद्रकाकड्या यांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. टाकीत प्रवाळाचे दगड रचण्याऐवजी सच्छिद्र सिरॅमिकचे दगड वापरावेत. जिवाणू त्यांवरही उत्तम वाढतात. नवा जीव पिशवीतून थेट टाकीत सोडू नये. बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीचे पाणी दोन तास थेंबथेंब त्याच्या भांड्यात पडू द्यावे.

आता ज्या प्रसंगांनी काळजाचा ठोका चुकतो त्यांविषयी. माझ्याकडील पहिली क्लीनर कोळंबी (माशांच्या अंगावरची मृत कातडी टिपून खाणारी), पाठीवर लाल पट्टे आणि मध्ये पांढरी रेघ असलेली, तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी वाळूवर आडवी पडलेली दिसली. मुलीने डोळे पुसत काड्यापेटी रिकामी केली, तुळशीच्या कुंडीतली जागाही ठरवली. मी चिमट्याने ते शरीर उचलणार, तेवढ्यात दगडाच्या कपारीतून दोन लांब पांढऱ्या मिशा बाहेर आल्या आणि त्यांच्यामागे कोळंबी. तिने कात टाकली होती. कात हुबेहूब कोळंबीसारखीच असते. मिशा, पाय, डोळ्यांवरची झाकणेसुद्धा तिला असतात. ती ओळखण्याची खूण अशी, की कात पोकळ आणि पारदर्शक असते आणि डोके व धड यांच्या सांध्यावर ती उघडलेली असते, तर मेलेली कोळंबी अपारदर्शक, गुलाबीसर होते आणि तिला वास येतो. कात टाकल्यावर एकदोन दिवस कोळंबीचे अंग मऊ असते व ती लपून बसते. तेव्हा दगड हलवून तिला शोधू नये. कातही काढू नये, कारण टाकीतील इतर जीव ती खातात.

शंखखेकड्यांचे सगळे आयुष्य घर बदलण्यात जाते. त्यांचे पोट मऊ आणि वळलेले असते, ते झाकायला रिकामा शंख लागतो आणि अंग वाढले की मोठा शंख लागतो. प्रत्येक खेकड्यामागे निरनिराळ्या मापांचे तीनचार रिकामे शंख टाकीत ठेवावेत, नाहीतर तो शंखासाठी जिवंत गोगलगायीला मारतो. माझ्याकडील एका खेकड्याने नवा शंख नांग्यांनी तोंडाशी मोजला, उलटासुलटा केला, आतली वाळू उपसली, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आत शिरला, आणि दहा मिनिटांनी पुन्हा जुन्या शंखात परतला. तोवर दुसरा लहान खेकडा त्या जुन्या शंखापाशी येऊन थांबला होता. चाळीतली खोली रिकामी व्हायची वाट पाहणाऱ्यांची आठवण यावी, असे ते दृश्य होते.

टर्बो गोगलगाय काचेवरचे शेवाळ उत्तम खाते, पण उताणी पडली की तिला बरेचदा सरळ होता येत नाही. रोज सकाळी टाकीवर नजर टाकून तिला उचलून ठेवावे. समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) आणायचेच असेल, तर टाकीला सहा महिने होऊ द्यावेत आणि पंपाच्या तोंडाला स्पंज बांधावा, कारण ते जागा सोडून चालत निघते आणि पंपात ओढले जाते.

पाण्याचे तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस राखावे. मे महिन्यात पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा पंखा फिरवला तर ते दोनतीन अंशांनी उतरते, मात्र पाणी झपाट्याने उडते. तेव्हा गोड्या पाण्याची भर दिवसातून दोनदा घालावी. वीज गेल्यावर प्राणवायू कमी पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा.

टाकीत हात घालण्यापूर्वी हाताला साबण, तेल किंवा अत्तर राहिलेले नाही याची खात्री करावी आणि हात नुसत्या पाण्याने खळखळून धुवावा. मग तो दगडाजवळ स्थिर धरावा. क्लीनर कोळंबी आधी मिशीने स्पर्श करून पाहते, नंतर बोटावर चढते आणि नखांच्या कडांवरची मृत कातडी बारीक चिमट्यांनी टिपू लागते. गुदगुल्या होतात, तरी हात हलवू नये.