घरातल्या बुरशीची तपासणी: तपासनीस काय पाहतो, नमुना कधी घेतो आणि आकडे कसे वाचायचे

मुंबई, ठाणे, कोकण किंवा गोव्यातल्या घरात ऑगस्टपर्यंत कुठेतरी कुबट वास यायला लागतो. कपाटामागची भिंत काळवंडते, छताच्या कोपऱ्यात पोपडे सुटतात, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव चढते. तपासनीस बोलावला की बहुतेकांना वाटतं, त्याने हवेचा नमुना घ्यावा आणि बुरशीचं नाव सांगावं. पण ही तपासणी मुळात पाण्याची असते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, त्यांना रुजायला ओल लागते. पाणी कुठून येतंय हे सापडलं नाही, तर प्रयोगशाळेचा जाडजूड अहवाल हातात घेऊनही भिंत काळीच राहते.

तपासणीच्या आधी

डाग पुसू नका आणि त्यावर रंगाचा हात तर मुळीच मारू नका. फोटो काढून ठेवा. कपाट, पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढा. छतावर ओल असेल तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा, कारण त्यांचं बाथरूम उघडून मिळालं नाही तर तपासणी अर्धीच होते. पावसाचं पाणी शोधायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर हा काळ योग्य. एप्रिलमध्ये भिंत वाळलेली असते आणि मीटर काहीच दाखवत नाही.

पहिली पायरी: प्रश्न

चांगला तपासनीस आल्या आल्या यंत्र काढत नाही, विचारपूस करतो. डाग बारा महिने ओला असतो की फक्त पावसात? पाऊस थांबल्यावर किती दिवसांत सुकतो? बाराही महिने ओल असेल तर संशय नळाच्या पाइपवर किंवा वरच्या बाथरूमवर जातो. जोराच्या पावसानंतरच ओल वाढत असेल तर गच्ची, बाहेरच्या भिंतीच्या भेगा, खिडकीची चौकट आणि छज्जा यांकडे पाहायचं. पाइप नाही, भेग नाही, तरी भिंत काळी पडते, तेव्हा कारण बहुधा हवेतल्या बाष्पाचं असतं.

हे शेवटचं कारण सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटतं. हवा ३० अंशांवर असेल आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. म्हणजे २६ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार. एका खोलीत एसी रात्रभर २२ वर चालू असतो, मधली भिंत गार पडते आणि बुरशी धरते ती पलीकडच्या, एसी नसलेल्या खोलीत! तिथे कोणी प्लंबर आणून भिंत फोडली तर पाइप काही सापडायचा नाही. म्हणून तपासनीस प्रत्येक खोलीचं तापमान आणि आर्द्रता मोजतो, भिंतीचंही तापमान घेतो आणि दवबिंदूशी ताडून पाहतो.

दुसरी पायरी: डोळे आणि टॉर्च

टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड पाडला की फुगलेला रंग आणि बारीक लव उठून दिसते. कपाटाच्या प्लायची मागची बाजू, सिंकखालचा कप्पा, फॉल्स सीलिंगच्या वरची जागा आणि एसीचा पाणी वाहून नेणारा ट्रे बघायलाच हवा. भिंतीवर पांढरं काही दिसलं की ती बुरशीच असेल असं नाही. तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार, असू शकतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकायचा: क्षार विरघळतात, बुरशी विरघळत नाही. लोणा बोटांत कुस्करला की चुरचुरतो.

तिसरी पायरी: मॉइश्चर मीटर

टोकदार दोन पिनांचा मीटर विजेचा रोध मोजतो. लाकडावर तो टक्केवारी बऱ्यापैकी खरी दाखवतो, आणि ती २० च्या वर गेली तर लाकूड धोक्यात आहे. प्लास्टरवर मात्र तोच आकडा फक्त तुलनेपुरता असतो. म्हणून आधी त्याच घरातली हमखास कोरडी भिंत मोजून तो आकडा आधाराला घ्यायचा. ‘भिंतीत ३५ टक्के पाणी आहे’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर कोरड्या भिंतीवर किती येतं, हे विचारा. लोणा लागलेल्या भिंतीवरही पिनांचा मीटर फसतो, कारण क्षारांतून वीज सहज वाहते आणि भिंत आहे त्याहून ओली वाटते. अशा जागी बिनपिनांचा मीटर फिरवून दोन्ही आकडे जुळवतात. तो पृष्ठभागाच्या काही सेंटिमीटर आतपर्यंत अंदाज देतो.

नुसतं डागावर मीटर टेकवणं म्हणजे तपासणी नव्हे. भिंतीवर फूट-फूट अंतरावर पेन्सिलीने खुणा करून प्रत्येक खुणेशी आकडा लिहायचा. मग ओलीचा आकार दिसू लागतो. ओल खाली जास्त आणि वर सुमारे एक मीटर उंचीपर्यंत कमी होत गेली, तर ती जमिनीतून चढणारी ओल. एकाच ठिकाणी आकडा चढला आणि चहूबाजूंना उतरला, तर पाइप. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून पट्टा उतरत असेल, तर चौकटीचं सील.

थर्मल कॅमेऱ्याने भारावून जाऊ नका. त्याला पाणी दिसत नाही, पृष्ठभागाचं तापमान तेवढं दिसतं. ओल्या जागेवरून पाणी उडतं, ती जागा गार होते आणि चित्रात वेगळ्या रंगाची दिसते. भर पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्क्यांवर असताना पाणी फारसं उडतच नाही. त्यामुळे ‘कॅमेऱ्यात काही आलं नाही’ याचा अर्थ भिंत कोरडी आहे असा होत नाही. थोडा वेळ पंखा लावून पुन्हा पाहतात, आणि जिथे डाग दिसेल तिथे मीटर टेकवून खात्री करतात.

चौथी पायरी: पाण्याची चाचणी

वरच्या बाथरूमवर संशय असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी नळाची लाइन: सगळे नळ बंद करून प्लंबर हातपंपाने दाब देतो आणि काटा उतरतो का ते पाहतो. मग निचरा: रंग मिसळलेलं पाणी थेट नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या निचऱ्याच्या जाळीखालच्या भांड्यात) ओतायचं, फरशीवर सांडू द्यायचं नाही. शेवटी फरशी: ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून साधारण २५ मिलिमीटर पाणी २४ ते ४८ तास साठवायचं आणि खालच्या छतावरचा मीटरचा आकडा आधी व नंतर नोंदवायचा. तिन्ही एकदम केलं तर गळती आहे एवढंच कळतं. ट्रॅपचा सांधा बदलायचा की अख्खी फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करायचं, हे कळत नाही, आणि दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पाचवी पायरी: नमुना, गरज असेल तरच

बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुन्याची गरज नसते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था ईपीएही हेच सांगते. नाव कळलं म्हणून उपाय बदलत नाही: पाणी थांबवायचं, बुरशी धरलेलं सामान काढायचं, भिंत वाळवायची. काळा रंग म्हणजे ‘विषारी काळी बुरशी’ हेही खरं नाही, रंगावरून जात ओळखता येत नाही. नमुना घ्यावा तो वास येतो पण बुरशी सापडत नाही तेव्हा, दुरुस्तीनंतर खात्री करायला, किंवा वादासाठी पुरावा हवा असेल तेव्हा.

हवेच्या नमुन्यासाठी पंपाला छोटी कॅसेट लावतात. पंप मिनिटाला १५ लिटर हवा ओढतो. ५ मिनिटांत ७५ लिटर हवा आतल्या चिकट काचेवर आदळते आणि बीजाणू तिथे चिकटतात. कॅसेट जमिनीपासून एक ते दीड मीटरवर, पंखा बंद. खिडक्या सुमारे १२ तास आधीपासून बंद ठेवायला सांगतात; त्या सताड उघड्या असतील तर आत-बाहेरची हवा एकच होते आणि चाचणी वाया जाते. संशयित खोली, चांगली खोली आणि बाहेरची हवा असे किमान तीन नमुने हवेत. बाहेरचा नमुना घेतला नसेल तर आतल्या आकड्याला अर्थ नाही. शेजारी बांधकाम चालू असेल तर वेळ कमी करावा लागतो, कारण धुळीखाली बीजाणू झाकले जातात आणि मोजणी खोटी कमी येते.

पृष्ठभागाचा नमुना पारदर्शक चिकटपट्टीने किंवा ओल्या बोळ्याने घेतात. बाजारातली उघडी ठेवायची बशी घेऊ नका. कुठल्याही घरात तिच्यात काही ना काही उगवणारच.

आकडे वाचताना

अहवालात ‘दर घनमीटरला १३ बीजाणू’ दिसलं तर समजा की काचेवर एकच बीजाणू सापडला. १००० लिटर भागिले ७५ हे ते गणित. प्रयोगशाळेने काचेचा फक्त चतुर्थांश भाग मोजला असेल तर एकाचे ५३ होतात. त्यामुळे एका खोलीत ५३ आणि दुसरीत १०६ हा फरक एका बीजाणूचा आहे, त्यावर घाबरून खर्च करू नये. पाहायचं ते प्रकारांकडे. बाहेर क्लॅडोस्पोरियम (बाहेरच्या हवेत नेहमी आढळणारी बुरशी) भरपूर आणि आतही तेच पण कमी, तर काळजी नको. अॅस्परजिलस-पेनिसिलियम गट बाहेरच्या कित्येक पट आत असेल, किंवा कीटोमियम, स्टॅकिबॉट्रिस असे ओल्या कागद-प्लायवर वाढणारे प्रकार आत दिसले, तर आतच कुठेतरी भिजलेलं सामान आहे. अॅस्परजिलस आणि पेनिसिलियम यांचे सुटे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून ते एकत्र लिहितात. ‘मर्यादेपेक्षा जास्त’ असं कोणी म्हणालं तर कुठली मर्यादा ते विचारा. अमेरिकेतही घरातल्या बीजाणूंसाठी केंद्रीय मर्यादा ठरवलेली नाही.

अहवालात घराचा नकाशा, प्रत्येक खुणेचा आकडा, फोटो, पाण्याचं कारण आणि दुरुस्तीचा क्रम असायला हवा. नुसतं ‘बुरशीनाशक फवारा’ असं लिहिलं असेल तर पैसे देण्याआधी हिशोब मागा. न्यूयॉर्क राज्यात एकाच कामावर तपासणी आणि सफाई एकाच परवानाधारकाला करता येत नाही. आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण नियम स्वतःपुरता पाळावा: जो रसायन किंवा वॉटरप्रूफिंग विकतो, त्याच्याकडून निदान घेऊ नये.

दुरुस्ती झाल्यावर लगेच रंग देऊ नका. प्लास्टर सुकायला कित्येक आठवडे लागतात. त्याच पेन्सिलीच्या खुणांवर पुन्हा मीटर लावा, आकडे त्या कोरड्या भिंतीइतके उतरले की मगच पुट्टी आणि रंग. गळती पावसाची असेल, तर पुढच्या पहिल्या दोन जोरदार सरींनंतर त्याच खुणा आणखी एकदा मोजा आणि तोवर ठेकेदाराचा शेवटचा हप्ता राखून ठेवा.