छोट्या ख्रिस्ती कॉलेजला दरवर्षी देणगी देताय? या चुका टाळा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजचा हिशेबनीस बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसतो. त्यात एक ओळ दिसते: 28 मार्च, यूपीआय, जमा 5,000, पुढे अर्धवट नाव आणि काही आकडे. पैसे कुणाचे? माजी विद्यार्थ्याचे, मंडळीतल्या कुणाचे, की एखाद्या पालकाने चुकून या खात्यात फी भरली? जिथे ऑफिसात जेमतेम दोन माणसं असतात, तिथे या एका ओळीपायी अर्धा दिवस जातो. एवढं करूनही नाव सापडलं नाही, तर रक्कम तशीच लटकून राहते.

देणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक हीच: पैसे पाठवायचे आणि कळवायचं नाही. संस्थेला प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम 10बीडी या विवरणात 31 मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावी लागते. त्यावरूनच तुमचं 10बीई, म्हणजे करसवलतीसाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र, निघतं. विवरणाला उशीर झाला की संस्थेला दिवसाला 200 रुपये शुल्क बसतं. ज्या देणग्यांच्या नावापत्त्याची नोंदच नाही, त्या ‘निनावी’ ठरतात. अशी रक्कम वर्षभरात एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या 5 टक्के, यांतल्या मोठ्या आकड्यापलीकडे गेली, तर वरच्या भागावर संस्थेला 30 टक्के कर भरावा लागतो. म्हणून पैसे पाठवाल त्याच दिवशी ईमेल करा: नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तारीख, यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक आणि पैसे कशासाठी आहेत ते. एनईएफटी करताना शेऱ्याच्या रकान्यात नाव आणि ‘देणगी’ एवढं तरी लिहा.

पुढची गडबड चेकवरच्या नावाची. कॉलेज आणि ते चालवणारी संस्था या कागदावर वेगळ्या असतात. विल्सन कॉलेज जॉन विल्सन एज्युकेशन सोसायटी चालवते, अहमदनगर कॉलेज भास्कर पांडुरंग हिवाळे एज्युकेशन सोसायटी. छोट्या कॉलेजांचंही असंच असतं. पॅन, 80जी नोंदणी (जिच्यामुळे देणगीदाराला करात वजावट मिळते) आणि देणग्यांचं खातं साधारणपणे सोसायटीच्या किंवा ट्रस्टच्या नावावर असतं. प्राचार्यांच्या किंवा पाळकांच्या खाजगी खात्यात तर चुकूनही पैसे टाकू नका. ती व्यक्ती कितीही विश्वासाची असली, तरी ते पैसे संस्थेच्या पुस्तकात देणगी म्हणून सरळ दाखवता येत नाहीत आणि त्रास त्या व्यक्तीलाच होतो.

करसवलतीचे गैरसमज

80जी म्हणजे दिलेल्या रकमेइतका कर वाचतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. अशा संस्थेला 10,000 रुपये दिले, तर साधारणपणे 5,000 तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात. 30 टक्क्यांच्या टप्प्यात सेस धरून वाचतात 1,560 रुपये. त्यातही उत्पन्नाच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि वजावट फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना मिळते. रोख 2,000 रुपयांपेक्षा जास्त दिले, तर वजावट अजिबात मिळत नाही. पुस्तकं, पंखे, संगणक अशा वस्तूंच्या देणगीवरही नाही. (1 एप्रिल 2026 पासून 2025चा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. इथे सगळ्यांच्या ओळखीचे जुने क्रमांक वापरले आहेत.)

‘ख्रिस्ती कॉलेज’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या संस्था येतात, आणि हा फरक पैसे देण्याआधीच पाहायला हवा. सर्व धर्मांच्या मुलांना कला, वाणिज्य, विज्ञान शिकवणारं कॉलेज शैक्षणिक धर्मादाय संस्थेत मोडतं, त्याला 80जी मिळू शकते. पाळक आणि सुवार्तिक घडवणारी सेमिनरी धार्मिक संस्था म्हणून नोंदलेली असेल, तर तिचं स्वतःचं उत्पन्न करमुक्त असूनही तुम्हाला वजावट मिळणार नाही. एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला 80जी लागू होत नाही. सेमिनरीला जरूर द्या, तिची गरज बहुतेकदा जास्त असते. फक्त वजावट गृहीत धरू नका. जुन्या छापील पावतीवरचा 80जी क्रमांकही पुरेसा नाही. 2021 पासून जुन्या नोंदण्या नव्याने करून घ्याव्या लागल्या आणि आता त्या मुदतीच्या असतात. चालू आदेशाची प्रत मागा. त्यात कुणालाही वाईट वाटण्याचं कारण नाही.

मंडळीतून गोळा होणाऱ्या पैशांबाबत एक सूचना. कापणीच्या सणाला लिलावात शंभराचा भोपळा दोन हजारांना घेतलात आणि ते पैसे कॉलेजला द्यायचं ठरलं, तरी तुमच्या नावे कॉलेजची देणगी पावती निघत नाही. तुम्ही मंडळीकडून भोपळा विकत घेतलेला असतो. अर्पणाच्या थैलीतली रक्कम मंडळीने आधी स्वतःच्या खात्यात भरावी आणि पंचकमिटीच्या (मंडळीच्या कार्यकारी समितीच्या) ठरावाने एका चेकने कॉलेजला द्यावी. रोख पाकीट नेऊन देऊ नये. ज्यांना पावती हवी, त्यांनी आपला चेक वेगळा द्यावा.

मार्चची घाई, जूनची तंगी

देणग्यांची गर्दी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होते. संस्थेला मात्र वर्षाच्या उत्पन्नाचे 85 टक्के त्याच आर्थिक वर्षात खर्च झालेले दाखवावे लागतात, नाहीतर कारण देऊन मुदतीत वेगळा अर्ज भरावा लागतो. 30 मार्चला आलेले 50,000 रुपये 31 मार्चपर्यंत नीट खर्च कसे होणार? पैशांची खरी निकड जून ते ऑगस्टमध्ये असते, कारण प्रवेश फी, वसतिगृहाचं डिपॉझिट आणि मेसचा पहिला हप्ता तेव्हाच भरायचा असतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती तोवर आलेली नसते. मूल इथेच गळतं, आणि तेही चार-पाच हजारांसाठी. जूनमध्ये दिलेल्या देणगीला वजावट मार्चइतकीच मिळते.

मुलांच्या या तंगीमागे एक कारण आहे, ते देणाऱ्यांना माहीत असावं. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. महाराष्ट्रात त्या जातींमधून ख्रिस्ती झालेली कुटुंबं ओबीसीत मोजली जातात. गाव तेच, शेतमजुरी तीच, पण मुलांना अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्त्या मिळत नाहीत. छोट्या ख्रिस्ती कॉलेजचा मदतनिधी ही उणीव भरून काढतो.

‘अनुदानित कॉलेजला पैसे कशाला हवेत?’ असंही विचारलं जातं. अनुदान मंजूर आणि भरलेल्या पदांच्या पगाराला मिळतं. विनाअनुदानित तुकड्यांचे शिक्षक, प्रयोगशाळेची रसायनं, गळकं छप्पर, वसतिगृहाची पाण्याची मोटर हे संस्थेलाच पाहावं लागतं.

म्हणूनच देणगीला फार अटी घालू नका. ‘अमुक तालुक्यातल्या, रसायनशास्त्रात पहिल्या आलेल्या मुलीला’ अशी अट घातली की काही वर्षं पात्र मुलगीच मिळत नाही आणि पैसे पडून राहतात. ‘गरजू विद्यार्थ्यांसाठी, प्राधान्य मुलींना’ एवढं पुरे. आईवडिलांच्या नावाने कायम निधी ठेवायचा असेल, तर आधी गणित मांडा: एक लाखाच्या ठेवीवर 7 टक्क्यांनी वर्षाला 7,000 रुपये मिळतात, आणि मुद्दलाला हात लावता येत नाही. महिन्याला 1,000 दिले, तर वर्षाला 12,000 थेट कामाला येतात. कायम निधीच हवा असेल तर तसं लेखी द्या. तो हेतू नसेल, तर मोठं वाटतं म्हणून ‘कॉर्पस’ (कायम निधी) हा शब्द पत्रात लिहू नका.

देणगीचा आणि प्रवेशाचा संबंध कधीही जोडू नका. महाराष्ट्रात 1987च्या कायद्याने कॅपिटेशन फीला बंदी आहे. घरातल्या कुणाचा प्रवेश त्याच कॉलेजात चालू असेल, तर ते वर्ष संपेपर्यंत थांबलेलं बरं.

परदेशातून पाठवताना

पासपोर्ट भारतीय असेल, तर परदेशात राहूनही स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी योगदान ठरत नाहीत. सोबत पासपोर्टची प्रत पाठवा. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही विदेशी स्रोत आहात. तेव्हा कॉलेजच्या संस्थेची स्वतःची एफसीआरए (विदेशी योगदान कायद्याखालची) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच आले पाहिजेत. ‘भावाला पाठवतो, तो देईल’ हा मार्ग चालत नाही. हात बदलले तरी ते विदेशी योगदानच राहतं. नोंदणी असलेल्या दुसऱ्या ट्रस्टमार्फत वळवणंही 2020च्या दुरुस्तीने बंद झालं. एका चुकीच्या जमेपायी संस्थेला गृह मंत्रालयाच्या चौकशीला तोंड द्यावं लागू शकतं. इंग्लंडमध्ये कर भरणाऱ्यांना गिफ्ट एड या तिथल्या करयोजनेतून 100 पौंडांवर आणखी 25 पौंड मिळवून देता येतात, पण त्यासाठी पैसे तिथल्या धर्मादाय संस्थेला द्यावे लागतात, थेट भारतात नाही.

10बीई हातात आल्यावर लगेच पॅन आणि रक्कम तपासा. आकडा चुकला असेल तर संस्था सुधारित विवरण भरू शकते, तेव्हा रिटर्न भरण्याआधी कळवा. मासिक मँडेट (खात्यातून दरमहा आपोआप पैसे जाण्याची सूचना) लावलं असेल, तर खातं बदलल्यावर नवं लावायला विसरू नका. हप्ता का थांबला हे विचारायला छोटं कॉलेज संकोचतं आणि तुमच्याही लक्षात येत नाही. दर जूनमध्ये बँकेच्या ॲपमध्ये मँडेट चालू आहे का, तेवढं एकदा बघा.