जुन्या एटीव्हीचं इंजिन उघडण्याआधी

गहू निघाल्यावर माझ्या दिरांनी इंदूरजवळच्या सांवेरच्या शेतावर एक जुनी 110 सीसीची एटीव्ही, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी चार जाड चाकांची छोटी गाडी, आणली. एका रिसॉर्टवर पाहुण्यांना फिरवून फिरवून थकलेली गाडी. लसणाची पोती बांधावरून रस्त्यापर्यंत आणायला बरी, म्हणून घेतली. आठवड्याभरात ती भरल्या ट्रॉलीला दम तोडायला लागली, मागे निळा धूर, आणि तेल दर दोन-तीन दिवसांनी कमी. “वहिनी, तुम्हीच बघा,” असं ते म्हणाले, कारण मी पीथमपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात अकरा वर्षं मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात धरलाय. टेम्पोत घालून गाडी लोकमान्यनगरला आमच्या अंगणात आली.

या गाड्यांमधलं इंजिन आडवं असतं, सिलिंडर जवळजवळ जमिनीला समांतर. होंडाच्या जुन्या छोट्या इंजिनाची ही धाटणी, म्हणजे आपल्या स्प्लेंडरचं जवळचं नातं. स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव) दोघांचा 49.5 मिमी, पण बोर (सिलिंडरचा आतला व्यास) स्प्लेंडरचा 50 आणि हिचा 52.4. मिस्त्रीच्या हाताला ओळखीचं, मात्र स्प्लेंडरचा पिस्टन हिला चालत नाही.

पाना उचलण्याआधी एअर फिल्टर काढा. फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या रबरी नळीत पांढरं फडकं गुंडाळलेलं बोट फिरवा. माझं फडकं माळव्याच्या काळ्या मातीनं माखून बाहेर आलं. क्लॅम्पच्या खाली नळीला भेग होती आणि फिल्टर न गाळताच धूळ आत जात होती. इंजिन कशानं झिजलं ते इथेच कळतं. ही भेग तशीच ठेवून नवा पिस्टन टाकलात तर तोही जाईल.

धूर नीट बघा. गाडी पळवताना सतत निळा धूर येत असेल तर संशय पिस्टनभोवतीच्या रिंगांवर. रात्रभर उभी राहून सुरू करताना एकच निळा झोत आला, किंवा रेस सोडून परत दिल्यावर आला, तर व्हॉल्व्हची सील बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, त्यासाठी इंजिन उघडू नका.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा हात यांच्यातली फट. इंजिन पूर्ण थंड असताना, मॅग्नेटची (इंजिनाच्या बाजूच्या फिरत्या चाकाची) टी खूण जुळवून, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, दोन्ही टॅपेट 0.05 मिमीच्या फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) लावा. हे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजण्याआधीच करायचं. टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आकडा खोटा कमी येतो, आणि चांगल्या रिंगा फुकट बदलल्या जातात.

कॉम्प्रेशन गेज प्लगच्या जागी लावा, रेस पूर्ण उघडी धरा आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारा. बॅटरी चार्ज केलेली हवी. अशा इंजिनात 130 ते 170 पीएसआय निरोगी समजा. माझं 85 आलं. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजलं: 125. तेलानं आकडा चढला म्हणजे गळती रिंगांच्या बाजूनं. पण सिलिंडर आडवं असल्यानं तेल खालच्या भिंतीवरच साचतं. गेज लावण्याआधी इंजिन थोडं फिरवून ते पसरवा, आणि तरीही या एका चाचणीवर विसंबू नका.

खात्रीसाठी मी हवा भरली. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, मॅग्नेटचा नट पान्यानं पक्का धरून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. दाब हळूहळू वाढवा. पिस्टन जरा सरकलेला असेल तर पाना हातातून झटका देऊन फिरतो. मग कान लावा. कार्बोरेटरमध्ये फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट, तेल भरायच्या भोकात आली तर रिंगा. माझ्याकडे तेलाच्या भोकातून मोठा आवाज, सायलेन्सरमधून बारीक. म्हणजे ब्लॉक (सिलिंडरचा भाग) आणि हेड (त्यावरचा व्हॉल्व्हचा भाग) दोन्हीचं काम.

खोलणं अवघड नाही. इंजिन आधी डिझेलनं धुवा, तेल काढा. टी खूण आणि टायमिंगच्या चकतीची खूण जुळवून फोटो घ्या, टायमिंग चेन तारेनं बांधा म्हणजे आत पडणार नाही. हेडचे चार नट तिरपे-तिरपे सैल करा आणि कुठला वायसर कुठे होता ते लिहून ठेवा. ज्या स्टडवरून तेल वर चढतं तिथला तांब्याचा वायसर दुसरीकडे गेला तर तेल गळतं.

ब्लॉक निघाल्यावर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) हातात धरून वर-खाली ओढा. जराही खटका जाणवला तर क्रँकचं काम आहे, पूर्ण इंजिन फोडावं लागेल आणि तेव्हा खर्चाचा वेगळा हिशेब करावा. बाजूला थोडं सरकणं ठीक, ते असायलाच हवं. आमचा रॉड सुदैवानं ठणठणीत होता.

बोर तीन उंचीवर, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. माझे आकडे: वर 52.52 मिमी, खाली 52.43. रिंग जिथे उलटी फिरते तिथे वर झीज जास्त असतेच, पण वर-खाली 0.09 चा फरक नव्या रिंगांनी भरून निघत नाही. नुसत्या रिंगा बदलून द्या असं सांगणारे भेटतील. त्यांना हा आकडा दाखवा.

छोट्या ग्वालटोलीत बोर करणाऱ्या चाचांकडे ब्लॉक नेला. ते म्हणाले, “दीदी, पहले पिस्टन लाओ, बोर बाद में होगा.” अगदी बरोबर. ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिमीच्या पायऱ्यांत मिळतात. हातात आलेला पिस्टन स्कर्टपाशी (खालच्या कडेजवळ), त्याला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या काटकोनात मोजून त्याप्रमाणे बोर करायचा. ओरखडे खोल होते म्हणून मी 0.50 घेतला. त्यांनी पिस्टन आणि बोरमध्ये 0.03 मिमीचा गॅप ठेवला आणि शेवटी होनिंगच्या (दगडानं आतून घासण्याच्या) तिरप्या रेघा मारून दिल्या.

आता धुणं, आणि इथे घाई करू नका. होनिंगची बारीक पूड रॉकेलनं जात नाही. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश. मी तीनदा घासलं. पांढरा पंचा बोरमधून फिरवून पांढराच बाहेर आला तेव्हा थांबले आणि लगेच तेल लावलं, नाहीतर डोळ्यांदेखत गंज धरतो. क्लचच्या बाजूचं फिरतं ऑइल फिल्टर आणि जाळीही उघडून पुसा. आमच्यात बोटभर काळा चिखल होता.

व्हॉल्व्ह पेस्टनं घासून, नवी सील घालून, पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवलं. थेंब झिरपला नाही.

बसवताना नवी रिंग बोरमध्ये पिस्टननं सरळ ढकलून तोंडाचा गॅप मोजा: 0.10 ते 0.25 मिमी. रिंगांची खूण वर, तोंडं 120 अंशांवर, पिस्टनवरची ‘IN’ ही खूण इनटेककडे. पिनची लॉक नवीच, आणि ती घालताना खालचं तोंड फडक्यानं बंद. पॅकिंग सगळी नवी. हेडचे नट तिरपे, तीन फेऱ्यांत, 10 ते 12 न्यूटन मीटर. मग इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा, खुणा परत जुळल्या पाहिजेत.

तेल मोटारसायकलचंच घाला. क्लच तेलात बुडालेला असतो, कारच्या तेलानं तो घसरू शकतो. सुरू केल्यावर तासभर उभ्या गाडीत रेस धरून बसू नका. चालवा, अर्धी रेस देऊन जोर घ्या, सोडा, परत द्या. त्या दाबानंच रिंगा बसतात. तासाभरानं मी तेल काढलं, त्यात चंदेरी चमक होती. नवं भरलं, दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर टॅपेट पाहिले.

कॉम्प्रेशन आता 155. रबरी नळी नवी लावली, फिल्टरचा फोम धुऊन, वाळवून, तेलात पिळून बसवला. सोयाबीन काढणीच्या धुळीत गाडी चालल्यावर दिरांनी नळीत फडकं फिरवून मला फोटो पाठवला. फडकं पांढरं होतं.